पॅनल, पवनचक्की, ठिबक: हरित तंत्रज्ञान देशोदेशी कसं पसरतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी मिरजेत छतावरच्या सोलरची कामं करतो आणि फावल्या वेळात या विषयावर लिहितो. गिऱ्हाइकं, वाचक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे नातेवाईक मिळून तेच ते प्रश्न विचारत राहतात. म्हणून ते एकदाचे इथे लिहून टाकले. उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. तंत्रज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात “जातं” म्हणजे नेमकं काय जातं? यंत्र, की ते बनवायची अक्कल?

दोन्ही, पण एका वेळी नाही. आधी तयार वस्तू कंटेनरमधून उतरते. मग ती बसवणारे आणि दुरुस्त करणारे हात तयार होतात. त्यानंतर सुटे भाग इथे बनायला लागतात, आणि सगळ्यात शेवटी मूळ यंत्रात आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करायची हिंमत येते. पहिली पायरी काही महिन्यांत चढता येते, शेवटचीला वीस-तीस वर्षं लागतात. बरेच देश पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. वीज हवी असेल तर विकतच्या पॅनलमधूनही ती मिळते. कारखाना हवा असेल तर गोष्ट वेगळी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की वाद संपत नाही.

२. सौर पॅनल अमेरिकेत जन्मलं, मग आज सगळीकडे चिनी माल का?

१९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट तयार झाला. उन्हातला जेमतेम सहा टक्के भाग तो विजेत बदलायचा, आणि किंमत अशी की उपग्रहाशिवाय कुठे परवडेना. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ वर तो चढला. पुढे तेलसंकटानं हादरलेल्या जपाननं १९७४ मध्ये ‘सनशाइन’ प्रकल्प काढला. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी घट आधी कॅल्क्युलेटरमध्ये घातला, आणि १९९४ पासून सरकारी मदतीवर घराघरांच्या छपरावर नेला. २००० साली जर्मनीनं कायदा केला: छतावरची वीज ग्रिडनं (वीजतारांच्या सार्वजनिक जाळ्यानं) घ्यायचीच, तीही वीस वर्षं ठरलेल्या दरानं. तो दर सुरुवातीला युनिटला सुमारे ५० युरो सेंट होता, बाजारभावाच्या कितीतरी पट. बँका बेधडक कर्ज द्यायला लागल्या आणि पॅनलचा तुटवडा पडला.

तिथे चीन उतरला. शी झेंगरोंग हे सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्याकडे पीएचडी झालेले. २००१ मध्ये त्यांनी वूशी शहरात स्थानिक सरकारच्या पाठबळावर ‘सनटेक’ काढली, आणि २००५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात पोचली. विद्या ऑस्ट्रेलियातली, गिऱ्हाईक जर्मन, जमीन, वीज आणि कर्ज चीनचं. ‘चिनी पॅनल’ म्हणतो त्यात इतक्या देशांची बेरीज आहे. २०१३ मध्ये सनटेकचं दिवाळं निघालं, पण तोवर तिच्यासारख्या कितीतरी उभ्या राहिल्या होत्या. आता पॅनलच्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. १९७० च्या दशकात एका वॉटला, आजच्या पैशांत, शंभर डॉलरच्या आसपास पडायचे. २०२४ मध्ये चिनी कारखान्याच्या दारात तोच वॉट दहा सेंटला मिळत होता.

३. म्हणजे जर्मन माणसानं बिलातून पैसे भरले आणि मलई चीननं खाल्ली?

हो. थोडी आपल्याही ताटात आली. जर्मनीत हा खर्च वीजबिलातल्या वेगळ्या अधिभारातून निघायचा. २०१७ मध्ये तो युनिटमागे जवळपास सात सेंटवर गेला होता, २०२२ मध्ये रद्द झाला. त्यांचे स्वतःचे पॅनल-कारखाने त्याआधीच एकेक करून मिटले होते. आता आपल्याकडे बघा. राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात, २०१० मध्ये, युनिटचा भाव अकरा-बारा रुपये निघाला होता. दहा वर्षांनी गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. एखाद्या जर्मन आजीनं वीस वर्षं कुरकुरत भरलेलं बिल त्या १ रुपया ९९ पैशांत आहे. महाग असताना कुणीतरी विकत घ्यावंच लागतं, आणि बहुतेक वेळा घेणारा एक असतो, निस्तरणारा दुसरा आणि कमावणारा तिसरा.

४. पवनचक्क्यांचंही असंच झालं का?

सुरुवात अगदी उलटी आहे, आणि मला ती जास्त आवडते. जर्मनीनं १९८३ मध्ये ‘ग्रोवियान’ नावाची तीन मेगावॉटची अजस्र पवनचक्की उभी केली. मोठमोठे अभियंते, सरकारी निधी, सगळं होतं. ती बहुतेक काळ बंदच राहिली आणि १९८८ मध्ये उतरवली. शेजारच्या डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकातच ख्रिस्तियन रीसागर नावाचा सुतार छोट्या पवनचक्क्या बनवत होता. योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसरला उभारलेल्या २०० किलोवॉटच्या यंत्राचा धडा त्याच्यापुढे होता. शेतीची अवजारं बनवणारी वेस्तास कंपनीही याच धंद्यात आली. तिथल्या पवनचक्की-मालकांची संघटना कुठल्या यंत्रानं किती वीज दिली आणि कुठलं बंद पडलं हे नियमित छापायची. त्यामुळे बनवणाऱ्याला लपायला जागा नव्हती. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियानं करसवलत दिली, तेव्हा ही दणकट डॅनिश यंत्रं तिकडे गेली.

आपल्याकडे तुलसी तांती यांचा मूळ धंदा कापडाचा. विजेच्या खर्चाला कंटाळून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या, आणि १९९५ मध्ये पुण्यात ‘सुझलॉन’ काढली, तंत्र जर्मन कंपनीचं घेऊन. २००७ मध्ये सुझलॉननं जर्मनीतलीच ‘रीपॉवर’ ही पवनचक्की-कंपनी घेतली आणि २०१५ मध्ये विकलीही. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पाती फिरायला लागली, त्यामागे वाऱ्याइतकाच घसारा (यंत्राच्या झिजेपोटी करात मिळणारी वजावट) होता. पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवून आयकर वाचवायची सोय असल्यानं वीज किती निघते याची फिकीर नसलेल्या शेटजींनीही पवनचक्क्या घेतल्या. आणि खाली गावात, ही पाती ढग पळवतात म्हणून पाऊस पडत नाही, अशी बोलवा उठली. पाती ढग पळवत नाहीत. पण जमीन गेली, रस्ते फुटले आणि वीज मात्र दुसरीकडेच गेली, तर माणूस ढगांवरून भांडणारच.

५. श्रीमंत देश पेटंट दाबून बसतात, म्हणून गरिबांपर्यंत काही पोचत नाही. बरोबर ना?

काही वेळा बरोबर, पण आपण समजतो तितक्या वेळा नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी घ्या, आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत तीच असते. ती १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूनं शोधली. पेटंटवाल्यांशी झालेल्या समझोत्यामुळे चिनी कारखान्यांना स्वतःच्या देशापुरती ती फुकट वापरता आली. पेटंटची मुदत २०२२ च्या सुमारास संपली, तोवर बाकीचं जग दहा वर्षं मागे पडलं होतं.

उलटं उदाहरण फ्रिजचं. १९९३ च्या सुमारास पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यानं ‘ग्रीनपीस’ या पर्यावरण-संघटनेच्या पुढाकारानं ओझोनला आणि हवामानालाही न छळणारा, हायड्रोकार्बन वायूवर चालणारा फ्रिज काढला. पेटंट मुद्दामच घेतलं नाही. युरोप, चीन, भारत सगळीकडे तो गेला. अमेरिकेत मात्र घरगुती फ्रिजसाठी हा वायू मंजूर व्हायला २०११ उजाडलं. तिथे पेटंट आडवं आलं नव्हतं, सुरक्षेचे नियम आणि जुन्या वायूचा धंदा आडवा आला होता.

आणि आता अडवणूक दुसऱ्या बाजूनंही होते. डिसेंबर २०२३ मध्ये चीननं गाड्यांच्या मोटरमध्ये लागणारे दुर्मिळ धातूंचे चुंबक बनवायचं तंत्र बाहेर द्यायला बंदी घातली. एप्रिल २०२५ मध्ये चुंबकांनाच परवाना लावला, तेव्हा आपल्या गाडी-कंपन्यांची धावपळ झाली.

६. ओझोनच्या वेळी सगळे देश एकत्र आले, मग आत्ता हवामानबदलाच्या वेळीच का जमत नाही?

ओझोनच्या वेळी पैशाचं आधी ठरलं. ओझोनला खाणारे वायू बंद करायच्या १९८७ च्या माँट्रियल करारावर भारतानं लगेच सही केली नाही. आमचे कारखाने बदलायचा खर्च कोण देणार, हा सवाल होता. १९९० मध्ये लंडनला निधीचं ठरलं, १९९१ मध्ये तो सुरू झाला आणि १९९२ मध्ये आपण आत आलो. कारखान्याला जुनं सोडून नवं घेताना जो वरखर्च येतो, तेवढाच हा निधी देतो, त्यामुळे हिशेब मांडता येतो. शिवाय वायू मोजके, बनवणारे कारखाने मोजके. कार्बनचा धूर चुलीपासून पोलाद-भट्टीपर्यंत सगळीकडून निघतो. त्याचा वरखर्च मोजायला बसलं तर वहीच पुरायची नाही.

७. गरीब देश मधल्या पायऱ्या गाळून थेट सोलरवर उडी मारू शकतात का? लँडलाइन न घेता मोबाइल आला तसं?

मारतात, पण कुठे पडतात तेही बघायला हवं.

केनियात २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवायची ‘एम-पेसा’ सोय होती. तिच्या जोरावर पुढे हप्त्यावरचे सोलर संच आले: एक छोटं पॅनल, दोन-तीन दिवे, फोन चार्जर. हप्ता चुकला की संच दुरूनच बंद. आपल्याकडच्या डिश टीव्हीच्या रिचार्जसारखं. बांगलादेशनं २००३ पासून सरकारी वित्तसंस्थेमार्फत ४० लाखांहून जास्त घरांत सोलर संच बसवले. मग खांब आणि तारा गावात पोचल्या, लोकांना पंखा-फ्रिज हवा होता, आणि संच माळ्यावर गेले. मला हे अपयश वाटत नाही. अंधारातली दहा वर्षं त्यांनी निभावली.

पाकिस्तानची गोष्ट सर्वात वेगळी. तिथे कुठल्याही मोठ्या योजनेविना, केवळ महागलेल्या विजेला वैतागून लोकांनी २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॉटची पॅनल मागवली. अर्थात ज्यांना छत नाही, पैसा नाही, ते ग्रिडवरच राहिले आणि तिचा स्थिर खर्च त्यांच्या डोक्यावर आला. इथिओपियानं जानेवारी २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांची आयात बंद केली, कारण पेट्रोलला डॉलर नव्हते आणि धरणाची वीज स्वस्त होती. पर्यावरणाचं नाव यांतल्या कुणाच्याही तोंडी पहिलं नव्हतं.

८. नॉर्वेत जवळपास सगळ्या नव्या गाड्या इलेक्ट्रिक. आपल्याला का जमू नये?

२०२४ मध्ये तिथल्या दर दहा नव्या गाड्यांतल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या, हे खरं. सुरुवात मात्र टोल-नाक्यावरच्या भांडणानं झाली. १९८९ मध्ये ‘आ-हा’ या पॉप बँडमधले दोघे आणि एक पर्यावरण-कार्यकर्ता यांनी बॅटरीवर चालवलेली एक फियाट पांडा आणली आणि टोल भरायला नकार देत फिरू लागले. दंड थकला, गाडी जप्त झाली, पेपरात फोटो आले. १९९० च्या दशकात आयात कर आणि टोल माफ झाले, २००१ मध्ये व्हॅटही. पेट्रोल गाडीवर तिथे आधीपासूनच जबर कर असल्यानं ही माफीच मोठी सवलत ठरली. वीज जवळजवळ सगळी धबधब्यांची, घरटी पार्किंग, आणि तिजोरी भरलेली. ती कशानं भरली? समुद्रातलं तेल आणि वायू परदेशात विकून. नॉर्वेकडून घ्यायचंच असेल तर तीस वर्षं धोरण न बदलण्याचा हट्ट घ्यावा.

९. सब्सिडीला ‘डीसीआर’ (देशी मालाच्या अटीत बसणारं) पॅनलच का लागतं? महाग का पडतं?

मागच्या उन्हाळ्यात एका दुकानदाराच्या गोदामात दोन पॅनल शेजारी उभी करून बघितली, एक डीसीआर, एक नॉन-डीसीआर. काच तशीच, ॲल्युमिनियमची चौकट तशीच, जंक्शन बॉक्समधून निघालेल्या लाल-काळ्या वायरीसुद्धा तशाच. ओळखायला मागचा स्टिकर वाचावा लागला. फरक आतला: डीसीआरमधला सौर घटही भारतात बनलेला असतो. दुसऱ्यात घट बाहेरून आलेला, जुळवाजुळव इथली. घराच्या छतावर ३ किलोवॉटला मिळणारी केंद्राची ७८,००० रुपयांची सब्सिडी डीसीआरलाच आहे. घट बनवणारे आपले कारखाने नवे आणि चीनच्या मानानं छोटे, म्हणून भाव चढा.

यामागे एक कज्जा आहे. सौर मिशनमधल्या देशी मालाच्या सक्तीविरुद्ध अमेरिका २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ मध्ये आपण हरलो. मग अमेरिकेतल्या काही राज्यांच्या तसल्याच सवलतींविरुद्ध भारत गेला, आणि २०१९ मध्ये निकाल आपल्या बाजूनं लागला. थोडक्यात, कारखाना आपल्याकडे हवा असं सगळ्यांना वाटतं. फक्त दुसऱ्याला वाटलं की ते नियमबाह्य असतं.

१०. म्युनिकमधल्या माझ्या भावानं बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनल टांगलीत आणि पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मी पुण्यात तसं केलं तर?

करू नका. जर्मनीत ८०० वॉटपर्यंतच्या अशा संचांना वेगळे, सुटसुटीत नियम आहेत. भाडेकरूंमध्ये ते फार चालतात. आपल्याकडे ग्रिडला जोडायचं तर महावितरणकडे अर्ज, तपासणी आणि नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) हीच वाट.

याला जोडूनच दुसरी तक्रार येते: “छतावर तीन किलोवॉट बसवलंय, ऊन रणरणतंय, आणि लाईट गेली की आमचीही जाते!” तसंच व्हायला हवं. ग्रिड मेली की तिला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. नाहीतर डीपी बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज बसेल. ही रचना जिथे लाईट सहसा जातच नाही अशा देशांतली आहे. आपल्याकडे आल्यावर तिला बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर जोडावा लागतो आणि खर्च वाढतो.

११. चांगलं तंत्रज्ञान आणूनही ते गावात टिकत का नाही?

कारण बसवायला पैसे असतात, दुरुस्तीला नसतात. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात तीन कोटींहून जास्त निर्धूर चुली वाटल्या गेल्या. २००२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला, तेव्हा कित्येक चुली तडकून मोडीत निघाल्या होत्या. किती वाटल्या याचा आकडा वर जायचा, किती पेटतात हे कुणी विचारायचं नाही.

नेपाळनं १९९२ पासून डच मदतीनं बायोगॅस नेला तो वेगळ्या तऱ्हेनं. आराखडा एकच, ठरलेला, विटा-सिमेंटच्या घुमटाचा. बांधणाऱ्यानं तीन वर्षं येऊन बघायचं आणि तपासणीत पास झालं तरच अनुदान. दोन लाखांहून जास्त संयंत्रं झाली. आमच्या धंद्यातलाच माझा अनुभव सांगतो: एका वाडीत शेतकऱ्यानं सोलर पंपाचा कंट्रोलर बिघडल्याची तक्रार केली, तेव्हा पुरवठादाराचा माणूस सात आठवड्यांनी आला. तोवर उभी मिरची वाळली. आता तो सोलरचं नाव काढलं की हात जोडतो, आणि त्याचं बघून शेजारचे तिघंही.

१२. सगळं बाहेरूनच येतं की आपल्याकडूनही काही गेलं?

गेलं. राजस्थानातल्या तिलोनियात, बेअरफूट कॉलेजमध्ये, आफ्रिकेतल्या खेड्यांतून आलेल्या आज्या रंगीत खुणांवरून सोलर दिव्यांचं सर्किट जोडायला शिकल्या आणि परत जाऊन त्यांनी आपलं गाव उजळलं. भाषा एक नाही, अक्षरओळख नाही, तरी जमलं. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचं खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र टांझानियापर्यंत पोचलं.

ठिबकची फेरी तर ऐकण्यासारखी. सिम्खा ब्लास या इस्रायली अभियंत्याची कल्पना, तिच्यावर १९६५ मध्ये इस्रायलच्या हात्झेरिम किबुत्झमध्ये (सामुदायिक शेतीच्या वस्तीत) ‘नेटाफिम’ कंपनी निघाली. १९८० च्या दशकात जळगावात भवरलाल जैन यांनी ती इथल्या शेतकऱ्याला परवडेल अशी करायला घेतली. पुढे जैन इरिगेशननं ‘नानदान’ ही इस्रायली ठिबक कंपनीच विकत घेतली. त्यापलीकडची करामत शेतकऱ्याची. मध्य भारतातल्या कापूसपट्ट्यात काहींनी बर्फाच्या पेप्सीची पातळ प्लास्टिकची नळी आणली, सुईनं भोकं पाडली आणि सरीत पसरली. एक-दोन हंगामांत ती फाटायची. पण तेवढ्यात ठिबकची चव कळायची आणि पुढचा संच चांगला घेतला जायचा. प्रश्न १ मधली शेवटची पायरी ती हीच.

१३. श्रीमंत देश जुन्या गाड्या गरीब देशांत खपवतात. तो प्रसार की कचरा टाकणं?

गाडीवर अवलंबून. मंगोलियाच्या उलानबातरमध्ये रस्तोरस्ती जपानमध्ये वापरून झालेल्या टोयोटा प्रियस दिसतात, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या. स्टिअरिंग उजवीकडे आणि गाड्याही रस्त्याच्या उजवीकडूनच, तरी चालतं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत सुरू होते, पेट्रोल कमी पिते आणि हायब्रिडला कर कमी. त्यामुळे तो देश श्रीमंतांच्या आधी हायब्रिडवर गेला. पण आठ-दहा वर्षं वापरलेली बॅटरी सोबत येते आणि तिचा शेवट जपानमध्ये होत नाही.

१४. पॅनल कोळशाच्या विजेवर बनतं. मग ते हरित कसलं?

बनवायला लागलेली ऊर्जा आपल्या उन्हात ते साधारण वर्षभरात परत करतं आणि पुढे पंचवीस वर्षं चालतं. कोळशाचा आक्षेप खरा, पण तेवढ्यानं पारडं फिरत नाही.

१५. ब्राझीलचं इथेनॉल आपल्याकडे आलं. तेही यात धरायचं का?

हा प्रश्न सांगली-कोल्हापूरकडून हमखास येतो आणि विचारणाऱ्याच्या शेतात ऊस असतो, म्हणून जपून लिहितो. ब्राझीलनं तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, उसापासून इथेनॉलचा कार्यक्रम काढला. २००३ पासून तिथे पेट्रोल आणि इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या. आपण २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळीपर्यंत पोचलो. त्यातलं निम्म्याहून अधिक इथेनॉल आता मका-तांदळाचं आहे. कारखान्यांची थकलेली बिलं निघाली, तेलाचे डॉलर वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण साओ पावलोचा ऊस मुख्यतः पावसावर येतो, मराठवाड्यातला बोअर आणि कालव्यावर. भट्टी तीच, यंत्र तेच, तरी एका लिटरमागे जमिनीतून उपसलेलं पाणी सारखं नाही. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बघायला फलाटावर गर्दी होती, त्यात मीही होतो. त्या वर्षीही लातूर जिल्ह्यात ऊस उभा होता.